सहाही तारा सारख्या

एका स्क्रूचा अर्धा आटा फिरवायचा, एवढंच बद्रीनाथने ठरवलं होतं.

बद्रीनाथ साखर कारखान्यात, उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर क्लार्क होता. त्या वर्षी दुष्काळाने ऊसच ठेवला नाही. बॉयलर पेटला नाही आणि काट्यावर कुत्री झोपू लागली. अशा रिकाम्या दिवसांत त्याने बीडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. (बायकोने, मुक्ताने, एवढंच विचारलं की हिला चारा काय लागतो.) सासरे सुंदरराव गिटारला सरळ धुण्याचं धोपटणं म्हणत.

पण वेळ अशी आली की सुंदररावांनाच गिटारची गरज पडली. लिंबागणेशजवळच्या आपल्या गावात ते दूध संस्थेचे चेअरमन. वार्षिक सभा तोंडावर आलेली आणि सगळे सभासद जनावरं घेऊन ओढ्यापलीकडच्या चारा छावणीत. माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि त्यांच्या कारकिर्दीत हे कधी घडलं नव्हतं. त्यांनी निरोप धाडला, मुक्ताने स्वागतगीत म्हणावं, जावयाने वाजवावं. ऐकायला तरी लोक येतील.

घरी सराव सुरू झाला आणि खोट कळली. बारीक तारा कानात सुई घातल्यासारख्या वाजत आणि जाड तारा शेजारच्या घरात कुणी कण्हावं तशा. बद्रीनाथने डोकं लावलं. तारांखाली चुंबकाचा एक लांबट डबा असतो, त्याला पिकअप म्हणतात. तारांचा आवाज तोच उचलतो. तारेजवळ आला की आवाज मोठा, लांब गेला की लहान. दोन टोकांना दोन स्क्रू. जाड तारांकडचं टोक जरा वर घ्यायचं, झालं काम.

शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो बसला. भाकरी थापणाऱ्या मुक्ताला परीक्षक नेमलं. ती म्हणाली, अजून कमीच हाय. आणखी फिरवला तर जाड तारा म्हशीसारख्या रेकू लागल्या आणि बारीक दबल्या. मग बारीकांचं टोक वर. मग त्या वरचढ. असं करत डबा इतका वर आला की तारा त्याला घासू लागल्या आणि चुंबकाच्या ओढीने सूरही वाकडे झाले. वैतागून बद्रीनाथने दोन्ही टोकं पार तळाला नेली.

"आता कसं वाटतंय?"

"आता समद्या सारख्या हायत," मुक्ता तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "एकबी ऐकू येत न्हाई."

त्याची बद्रीनाथला काळजी नव्हती. सभेला लाऊडस्पीकर होता आणि कडुनिंबावरच्या भोंग्याचं तोंड सुंदररावांनी मुद्दाम छावणीकडे वळवून घेतलं होतं. सभेच्या दिवशी त्याने गिटारची वायर लाऊडस्पीकरच्या मशीनला जोडली आणि आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. एवढ्या आवाजात जुना, सैल झालेला पिकअप जवळ बोललेलंही उचलतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मंडपात सुंदरराव, सेक्रेटरी आणि दोन-चार म्हातारे. बद्रीनाथला वाटलं, जाड तारा पुन्हा दबल्यात. चष्मा कपाळावर चढवून तो गिटारवर ओणवा झाला, तोंड तारांना टेकेपर्यंत, आणि स्क्रू फिरवू लागला. वडिलांकडे बघत मुक्ता मागून कुजबुजली की अण्णा बघायलेत, लवकर उरका.

"बघू दे की," बद्रीनाथ तारांत पुटपुटला, आणि ते भोंग्यातून ओढ्यापलीकडे गेलं. भोंगा पाठमोरा आणि कान स्क्रूकडे, त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. "माणसं कावून येत न्हाईत, सांगू का? तुझे अण्णा भाषणाला उभे राहिले की म्हशी आटतात."

मुक्ताने पाठीला चिमटा काढला. तो त्याला कौतुकाचा वाटला.

"आपल्या लग्नात बोलायला उठले, तवा अक्षता लोकांच्या मुठीत भिजल्या. मला वाटलं, म्हातारा माझा ठराव मांडून नामंजूर करतो का काय."

ओढ्याकडून आधी हसू आलं, मग माणसं आली. कुणी कासरा तसाच हातात घेऊन, कुणी शेणाचे हात पुसत. मंडप भरला. सेक्रेटरीने डोकी मोजून होकारार्थी मान हलवली. बद्रीनाथने वर पाहिलं, तर सगळं गाव मांडी घालून समोर. आपल्या गिटारची एवढी ओढ पाहून त्याला भरून आलं. तारा जुळल्या होत्या, सहाही अगदी सारख्या. त्याने जीव ओतून वाजवलं, मुक्ता खाली मान घालून गायली. मग मागून धुळाजी नावाचा गुराखी उठला आणि हात जोडून म्हणाला, "गाणं झालं न्हवं पाव्हणं? मग आता लग्नात पुढं काय झालं ते सांगा."

बद्रीनाथने एकदा भोंग्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि जमीन दुभंगण्याची वाट पाहिली. दुष्काळाने ती आधीच भेगाळलेली होती, पण त्याच्या मापाची भेग कुठे दिसेना.

सुंदरराव मात्र उठले, सगळे विषय वाचले, मंजूर का म्हणून विचारलं आणि खाली बसले. भाषण केलंच नाही. सभा इतक्या लवकर आटोपलेली गावाने कधी पाहिली नव्हती.

जेवताना बद्रीनाथची मान ताटातून वर निघेना. सुंदररावांनी स्वतः त्याला पिठलं वाढलं आणि म्हणाले, "पुढच्या सभेलाबी तुमीच या, जावईबापू."

बद्रीनाथच्या जिवात जीव आला. "गिटार आणतो की, मामा."

"आना, आना," सुंदरराव म्हणाले. "फकस्त वाजवू नका. नुसतं तिच्यापाशी तोंड नेऊन बोलत बसा."