बिनरंगाची गाडी

गाडीचं दार लावताना आवाज कसा व्हावा, याबद्दल पन्नाशी उलटेपर्यंत माझं काहीही मत नव्हतं. दार लागलं म्हणजे झालं. पण शुक्रवारी सकाळी मी खुब्ज, म्हणजे इथली रोटी, आणायला खाली उतरलो, की पार्किंगमधून हाक यायची, "काका, एक मिनिट. डोळे मिटा." आणि मी, मूळचा नाशिकचा, चारचौघांत बऱ्यापैकी मान असलेला इंजिनियर, हातात रिकामी पिशवी घेऊन डोळे मिटून उभा राहायचो. मग दार आपटायचं. "हा एक," नदीम म्हणायचा. पुन्हा दार आपटायचं. "आणि हा दुसरा. जास्त जड कुठला?"

मला दोन्ही सारखेच वाटायचे. पण तसं म्हटलं की पोराचा चेहरा एवढासा व्हायचा. म्हणून मी कधी पहिला म्हणायचो, कधी दुसरा. काहीही म्हटलं तरी तो गंभीरपणे मान हलवायचा आणि म्हणायचा, "बघू अब्बा काय म्हणतात." त्याचे अब्बा बाणकोटच्या खाडीकाठी आपल्या घरी. हा इथे सौदीत, अल-खोबरमध्ये, दार आपटणार, तो आवाज फोनवर टिपून तिकडे पाठवणार, आणि अब्बा तिकडून निकाल देणार. बहुतेक वेळा निकाल एकच असायचा. "हलका वाजतो."

नदीम आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत राहतो. तिशीच्या अलीकडचा, काटकुळा, लग्नाचं नाव काढलं की विषय बदलणारा. एका पेट्रोकेमिकल प्लांटवर तो पेंटिंग इन्स्पेक्टर आहे. म्हणजे टाक्यांना, पाइपांना रंग नीट बसला की नाही ते तपासायचं आणि नसेल तर अख्खी टाकी खरवडून पुन्हा रंगवायला लावायची. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र कायम त्याच्या खिशात असतं. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आला तेव्हा त्याने ते बोलता बोलता आमच्या फ्रिजला टेकवलं. "काकू, तुम्हाला फसवलंय," तो माझ्या बायकोला म्हणाला. "या कोपऱ्यात रंग अगदीच पातळ आहे." मेधा तेव्हापासून त्या कोपऱ्यावर कापड टाकून ठेवते.

आता अशा माणसाने जुनी गाडी घेतली तर तिचं पहिलं काय करील? कुणीही म्हणेल, रंग देईल. मीही तेच समजून चाललो होतो. गाडी म्हणजे एक लांबलचक अमेरिकन धूड, नदीमपेक्षा वयाने मोठं. कुठल्याशा खजुराच्या मळ्यात वाळू खात पडलेलं ते त्याने ट्रकवर घालून आणलं. तिचा जुना रंग त्याने पहिल्याच आठवड्यात पार खरवडून काढला. मला वाटलं, झाली सुरुवात. पण ती सुरुवात नव्हती, तो शेवट होता. गंजू नये म्हणून त्याने राखाडी प्रायमर मारला आणि मग रंगाचं नावच काढलं नाही. पुढे एक दार भंगारातून आलं ते हिरवं होतं, ते हिरवंच राहिलं. डिकीचं झाकण तपकिरी आलं, ते तपकिरी राहिलं. गाडी गोधडीसारखी दिसायला लागली. मी विचारलं, "अरे, रंग कधी देणार?" तो म्हणाला, "त्याचं आत्ता काही काम नाही, काका." रंगावर पोट असलेला माणूस हे म्हणतो, याचा अर्थ काय लावायचा?

मेधाने लावला. ती म्हणाली, "त्याची कुणीतरी असेल, आणि तिला बिनरंगाचीच आवडत असेल."

एका शुक्रवारी तो मला कंपनीच्या गाडीतून तशलीहला घेऊन गेला. तशलीह म्हणजे मेलेल्या गाड्यांचं गाव. मैलभर नुसत्या गाड्या, कुणाला चाकं नाहीत, कुणाला तोंड नाही. नदीमला काच खाली-वर करायचं हँडल हवं होतं. साधी गोष्ट, पण त्याची तऱ्हा न्यारी. प्रत्येक गाडीत जाऊन बसायचा, डोळे घट्ट मिटायचा, हँडल फिरवायचा, मान हलवायचा आणि पुढच्या गाडीत शिरायचा. वरून ऊन असं की माझ्या चष्म्याची दांडी कानाला चटके देत होती. दुकानाचा पठाण मालक बराच वेळ बघत राहिला. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहब, ये लड़का बीमार है क्या?" मी काय सांगणार? माझीही तीच शंका होती. मी म्हटलं, "नहीं भाई, हँडल देख रहा है." तो म्हणाला, "आँख बंद करके?" आणि पाण्याची गार बाटली नदीमच्या हातात कोंबून निघून गेला.

परतताना मी जरा चिडूनच म्हटलं, "नदीम, हे सगळं चाललंय कशासाठी?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याचे अब्बा पूर्वी इथेच, दम्मामला, एका घरी ड्रायव्हर होते. कफील, म्हणजे घराचा मालक, भला माणूस होता. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, दुपारी बाईंना बाजारात न्यायचं, आणि गाडी ही अशीच, याच कंपनीची, याच बांध्याची. "मी लहान असताना अब्बा दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे," नदीम म्हणाला. "माझ्याशी काय बोलायचं ते त्यांना कळायचं नाही. मलाही कळायचं नाही. मग ते गाडीचं सांगायचे. दार लागताना छातीत कसं धप्प होतं, हँडल कुठे अडतं, कफीलच्या छोट्या नादियाने मागे कहवा, ती वेलदोड्याची अरबी कॉफी, कसा सांडला. काका, मला तर वाटायचं ती गाडी आमची कुणी नातेवाईकच आहे." मग म्हणाला, "आता व्हिजिट व्हिसा लागला की ते येतायत. त्यांनी गाडी ओळखली पाहिजे. एवढंच."

एवढंच! आणि मग मला आणखीनच कळेना. ओळखायला पाहिजे तर आधी दिसायला नको का तशी? अब्बांनी चालवली ती गाडी काही गोधडी नसणार. मी तसं म्हणालोही. नदीम फक्त हसला आणि एसी वाढवला.

त्यानंतरचे दोन महिने त्याने आम्हालाही कामाला जुंपलं. गाडीत कहव्याचा वास हवा म्हणून त्याने मेधाकडून वेलदोडे कुटून घेतले, थर्मासभर कहवा केला आणि मागच्या कोऱ्या करकरीत गालिच्यावर स्वतःच्या हाताने ओतला. मेधा "अरे अरे" करत राहिली. वास घेऊन तो म्हणाला, "अजून शिळा व्हायला हवा." सीटवरचं रेक्झिन त्याने दोनदा बदललं, कारण उन्हात बसल्यावर ते मांडीला पुरेसं चिकटत नव्हतं. चिकटत नव्हतं म्हणून बदललं, हे मी शपथेवर सांगतो. हॉर्नसाठी तर एक अख्खी सकाळ गेली. इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, वर येऊन माझ्याकडे तक्रार केली, जणू काही पोरगा माझा होता.

मेधाने एकदा गाडीचा छानपैकी फोटो काढला आणि म्हणाली, "दे तुझ्या अब्बांचा नंबर, पाठवते." नदीम पटकन म्हणाला, "राहू दे काकू, फोटो नको." मेधा वर आल्यावर मला म्हणाली, "लाजतोय. असली चितरीबितरी गाडी बापाला कोण दाखवेल?" आम्हाला दोघांनाही हे पटलं.

गाडी फहसमध्ये, म्हणजे सरकारी तपासणीत, पास झाली. ब्रेक, दिवे, धूर, सगळं चोख. तिथल्या माणसाने तेवढं बजावलं की रंग लवकर द्या. नदीम "इन्शाअल्ला" म्हणाला, आणि त्या माणसाला त्यातलं काय समजायचं ते समजलं.

मग अब्बा आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच नदीमचा फोन, "काका, खाली या. काकूंनाही आणा." त्याचा आवाज परीक्षेच्या दिवशीच्या पोरासारखा येत होता. आम्ही पार्किंगमध्ये उभे राहिलो. लिफ्टशेजारच्या दारातून दोघे आले. अब्बा ठेंगणे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, इस्त्रीचा सदरा. नदीमचा हात त्यांच्या कोपराखाली होता. "पायरी, अब्बा," तो म्हणाला. अब्बांनी पायाने पायरी चाचपली आणि उतरले. त्यांचे डोळे आमच्याकडे होते, पण आम्हाला बघत नव्हते.

मेधाने माझा दंड धरला. इतके महिने माझ्या डोक्यात जो गोंधळ चालला होता तो त्या एका पायरीपाशी संपला. मला अतिशय वाईट वाटलं आणि त्याच वेळी त्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं. साखरेने अब्बांचे डोळे नेले होते. नोकरी सुटली होती तीही त्यामुळेच. हे आधी का नाही सांगितलंस, असं मेधाने नंतर विचारलं, तर नदीम म्हणाला, "ड्रायव्हरचे डोळे गेले हे लोकांना सांगितलेलं त्यांना आवडत नाही, काकू."

नदीमने अब्बांचा हात दाराच्या मुठीवर ठेवला आणि तो बाजूला झाला. अब्बांनी दार उघडलं. थोडे थांबले. मग लावलं. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"ह्योच," अब्बा म्हणाले. "ह्योच आवाज."

नदीम खिशातलं ते जाडी मोजायचं यंत्र उगाचच चालू-बंद करत होता.

अब्बा स्टिअरिंगमागे बसले. त्यांचे हात आपोआप एकेक गोष्टीकडे जात होते. हँडल फिरवून अर्ध्यावर अडल्यावर ते खूश होऊन हसले. मग मान मागे वळवून त्यांनी नाकाने हवा ओढली. "कहवा सांडलाय रे! नादियानं सांडलान व्हता. बाईसाहेबांनी मला बोल लावला, आणि मी गप ऱ्हायलो. पोरगी लहान व्हती." नदीम दाराशी वाकून ऐकत होता. ही गोष्ट त्याने लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल, पण तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता.

नंतर नदीमने त्यांना शेजारी बसवलं, आम्हाला मागे घातलं आणि गाडी समुद्रकाठच्या कॉर्निशवरून फिरवून आणली. रेक्झिन मांडीला उत्तम चिकटत होतं. सिग्नल आला आणि नदीमने वेग कमी केला, की अब्बांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. समुद्राचा वारा आत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "कंदी लायसन काढलंस रे तू? चालवतोस बरा." नदीमचे कान लाल झाले. त्याला कुणी ड्रायव्हिंगबद्दल बरं म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

सगळं तिथे संपायला हवं होतं. पण परत आल्यावर अब्बा उतरले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. गाडी उभी केली की पुसायची, ही ड्रायव्हरची जन्माची सवय. एका हाताने गाडी चाचपत ते पुढे गेले आणि बॉनेटवर रुमाल फिरवू लागले. रुमाल अडकला. मग त्यांनी रुमाल बाजूला केला आणि तळहात फिरवला. प्रायमर खरखरीत असतो. हात थांबला.

"नदीम, रंग कुठाय हिला?"

मी म्हणणार होतो की द्यायचाच आहे, पुढच्या आठवड्यात आहे. पण नदीमला खोटं जमत नाही. "तुम्हाला..." तो म्हणाला आणि थांबला. "मला वाटलं, रंगाचं काय काम."

मला भीती वाटली, म्हाताऱ्याला लागणार. पण अब्बा हसले. "बरोबर हाय. माझ्यासाठी काय काम? पण मी जाणार म्हैन्यानं. हिच्याकडं रोज बघायचं कुणी? तूच ना? तुझे डोले हायत ना चांगले?" त्यांनी बॉनेट थोपटलं. "सांग, तुला कंचा रंग पायजे?"

नदीम माझ्याकडे वळला. "काका, प्लांटवर रंग क्लायंट सांगतो," तो अगदी हळू म्हणाला. "पाण्याचा पाइप अमुक, गॅसचा तमुक. आपण फक्त तपासायचं." माझ्याकडून उत्तराची वाट बघितल्यासारखा तो उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी हा प्रश्न विचारलाच नसावा. खोलीतल्या भिंती मालकाच्या, युनिफॉर्म कंपनीचा, आणि गाडी अब्बांची. मी मुद्दामच तोंड उघडलं नाही. मेधालाही उघडू दिलं नाही.

नदीमने गाडीला एक फेरी मारली. मागे गेला, डिकीशी थांबला, हिरव्या दारावरून बोट फिरवत पुढे आला. अब्बा बॉनेटवर हात ठेवून शांत उभे होते.

"निळा... चालेल?" नदीमने विचारलं.

"मला काय इचारतोस?" अब्बा म्हणाले.

तो पुन्हा गाडीकडे बघू लागला. मग आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाला, "निळा."