क्लच नसलेली गाडी

यशवंतनाना गाडीत बसले की आधी खांद्यावरचा रुमाल काढत आणि स्वतःचा डावा पाय सीटखालच्या लोखंडी दांडीला बांधत. गाठ घट्ट बसली की मगच किल्ली फिरवत. आमच्या धुळ्याच्या गल्लीत नवीन आलेला माणूस विचारी, "नानांच्या पायाला काय झालं?" गल्लीतले सांगत, "पायाला काही नाही. गाडीला झालंय."

नानांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. निम्म्या धुळ्याला क्लच त्यांनी शिकवला. विद्यार्थ्यांशी ते मराठीत बोलत. घरात असले किंवा चिडले की अहिराणीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईच्या एका लिलावातून जुनी जपानी गाडी आणली. तिला क्लच नव्हता. पायाशी दोनच पेडल, ब्रेक आणि एक्सिलरेटर. गेअर ती स्वतःच बदले. पण नानांचा डावा पाय जन्मभर क्लच दाबत आलेला. तो सवयीने खाली जाई आणि रुंद ब्रेकवर आदळे. पहिल्या दिवशी शेजारचे कापडवाले शेठ पुढच्या सीटवर बसले होते. आग्रा रोडवर गाडी जागच्या जागी थांबली, शेठ थांबले नाहीत. कपाळावरचं टेंगूळ चोळत त्यांनी विचारलं, "नाना, ही मोटार आहे का बुजलेला बैल?"

"गाडी शहाणी शे, शेठ," नाना म्हणाले. "पाय येडा शे."

त्या दिवसापासून पाय बांधला जाऊ लागला.

मी तेव्हा एका दैनिकाचा धुळ्यातला वार्ताहर होतो आणि नानांच्या समोर राहत होतो. माणसाशिवाय गेअर बदलतो कोण, असं मी एकदा विचारलं. नानांनी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले, एक चालू केला आणि दुसऱ्याची पिन माझ्या हातात दिली. चालू पंख्याच्या वाऱ्याने बंद पंख्याची पाती हळूहळू फिरू लागली.

"हे इंजिन, हे चाक. हात लावला का कोणी कोणाला? गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असतं. ब्रेक दाबला, चाक थांबलं, तरी इंजिन बंद पडत नाही. तेल नुसतं घुसळत राहतं." पुढचं त्यांनी ताटल्या-वाट्या मांडून दाखवलं. मधल्या दातेरी चाकाभोवती लहान चाकं फिरतात. वेग वाढला की तेलाचा दाब बाहेरचा पट्टा आवळतो किंवा सोडतो आणि गेअर पडतो. हे व्याख्यान मे महिन्यात, भर दुपारी झालं. घरातले दोन्ही पंखे एकमेकांत गुंतले होते आणि पाहुण्याला वारा नव्हता. नंतर त्या घरी गाडीचा विषय कोणी काढत नसे.

ही उठाठेव कशासाठी, ते मला पुढच्याच रविवारी कळलं. नानांच्या पत्नी, सिंधुअक्का, यांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. त्या कुबडी घेऊन चालत. स्कूलच्या गाड्या घरावरून जात आणि अक्का ओट्यावर बसून आवाजावरून निकाल देत. "आज कोन शे हो? गेरना दात पाडी टाकना त्यानी." त्यांना गाडीतलं सगळं कळत होतं. पण क्लच डाव्या पायाचा. नानांनी साऱ्या गावाला शिकवलं आणि घरचं एकच माणूस राहिलं.

त्या रविवारी सकाळी सुरत रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर नानांनी अक्कांना स्टिअरिंगवर बसवलं. मी मागे होतो.

"घाबरू नको. गेअरनी दांडी 'डी'वर घे, ब्रेक सोड. ती आपलीआपण निघस."

"मी कथं घाबरस? तुम्हीच दार धरी बठेल शेतस."

गाडी निघाली. अक्कांचा डावा पाय ठेवला तिथेच राहिला. पाय न बांधता ती गाडी चालवू शकणारं धुळ्यात ते एकच माणूस होतं. शिकवायच्या गाडीत नानांच्या बाजूला वेगळा ब्रेक असे. इथे तो नव्हता, तरी रिकाम्या जागेवर त्यांचा बूट दाबला जात होता. "उगामुगा बसा," अक्का म्हणाल्या, "गाडीना पत्रा फाटी."

वर्षभर रविवार असे गेले. मग एका सकाळी इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि गाडी हलेना. महंमदभाई मिस्त्रीने खोलून पाहिलं.

"नाना, आतल्या पट्ट्या जळाल्या. मुंबईला विचारलं, सामान नाही. जीपचा गेअरबॉक्स बसवून देतो, क्लचवाला. परदेशी गाड्या इकडे अशाच चालतात."

"नही."

"मग उभी राहील."

"ऱ्हाऊ दे उभी."

गाडी दारात उभी राहिली. नाना मुंबईच्या आणि सुरतेच्या भंगारबाजारात हिंडून पट्ट्या आणत. एकही बसत नसे. बॉनेटवर शेजारणींचे पापड वाळत. शेठ म्हणत, "नाना, आधी पाय बांधला, आता गाडीही?" नाना हसत नसत. रविवारी सकाळी दोघं त्या बंद गाडीत बसून चहा घेत, अक्का स्टिअरिंगसमोर आणि नाना शेजारी.

"बसाडी टाका क्लच," अक्का एकदा म्हणाल्या. मी ओट्यावर होतो. "तुम्ही तरी फिरा."

"माले कथं जानं शे?" नाना म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात अक्कांना न्यूमोनिया झाला. सिव्हिल हॉस्पिटलमधून त्या परत आल्या नाहीत.

तेरावा झाल्यावर मी नानांकडे बसलो असताना महंमदभाई भेटायला आला. गाडीचा विषय त्याने काढला नाही. नानांनीच विचारलं, "तो जीपचा गेअरबॉक्स आहे का अजून?"

"आहे नाना. पण तुम्ही तर..."

"बसव."

महंमदभाईने माझ्याकडे पाहिलं. "घाई नाही, नाना. सावकाश बघू."

"नही, सकाळीच ये," नाना म्हणाले. "आते क्लचनी अडचण कोनले शे?"