तात्यांचा राखीव निधी

"मी जिवंत आहे तोवर या निधीला कुणाचं बोट लागणार नाही!" असं तात्या रेवंडकर दर वार्षिक सभेत छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि मंडळी, ते खरं करून दाखवायचे.

काळाचौकीच्या बालोन्नती शाळेचे तात्या खजिनदार. गिरणीतल्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. बिनपगारी काम, पण रुबाब असा की रिझर्व्ह बँक यांच्याच जिवावर चाललीय! शाळेचा राखीव निधी म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला टाकलेले दोन हजार रुपये. ते तात्यांनी खडूचे तुकडे पुन्हा वाटून, शाईत पाणी घालून आणि घंटेची दोरी गाठी मारमारून वाढवले होते. पोटच्या पोराला जपावं तसं त्या निधीला जपत. मुख्याध्यापिका पद्मजाबाईंनी पाण्याचं पिंप मागितलं, तात्या म्हणाले, "बाई, ही अडचण नव्हे, गैरसोय आहे!" नकाशा मागितला, तेच उत्तर. घड्याळ मागितलं, तर म्हणाले, "गिरणीचा भोंगा ऐकू येतो ना?"

वर आणखी बंदोबस्त म्हणून त्यांनी स्वतःच एक नियम करून ठेवला होता. निधीच्या चेकवर अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार अशा तिघांच्या सह्या हव्यात. आणि त्याही एकमेकांच्या डोळ्यांदेखत! एकट्यादुकट्याला गाठून कुणी सही काढायला नको.

आणि एके साली बिगरीच्या वर्गाच्या छपराचा वासा मोडला. रविवार होता म्हणून थोडक्यात निभावलं. पण कौलं खाली, आभाळ वर आणि मधे शाळा तपासणीस उभे! साहेबांनी टोपी काढून वर पाहिलं आणि सांगून गेले, "नाताळपर्यंत छप्पर दुरुस्त करा. नाहीतर शाळेची मान्यता रद्द."

मान्यता रद्द म्हणजे शाळा बंद. गिरणी कामगारांची पोरं पाटी-दप्तर घेऊन जाणार कुठे? तात्यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी येऊन ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, ही मात्र अडचण आहे."

"देव पावला! काढा चेक," पद्मजाबाई म्हणाल्या.

"काढतो हो. पण सह्या?"

तेव्हा कुठे दोघांच्या डोक्यात उजेड पडला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. शाळेचे अध्यक्ष बुधाजी, गिरणीच्या साचेखात्यातले जॉबर म्हणजे मुकादम, सत्याग्रह करून आर्थर रोडच्या तुरुंगात. आणि चिटणीस दत्ताराम, लालबागचा शिंपी, त्यांच्या मागोमाग तिथेच!

"मग भेटीच्या दिवशी जा आणि एकेकाची सही घेऊन या," बाई म्हणाल्या.

"एकेकाची? तिघांनी एकमेकांसमोर करायची असा नियम आहे."

"अहो, पण कोण बघतंय?"

"मी बघतोय ना!" तात्या कडाडले.

आता सांगा, अशा माणसापुढे डोकं किती फोडायचं? तिघं एका जागी यायचे तर ते दोघं बाहेर येईनात. राहता राहिला एकच मार्ग. तात्यांनी चेक लिहिला, बारीक घडी घालून काळ्या टोपीच्या अस्तरात खोचला आणि बायकोला सांगितलं, "सोनू, कोट काढ. मी तुरुंगात जातोय."

"जेवून जातास की येऊन जेवतास?" सोनूबाईने चुलीपुढून विचारलं. तिला वाटलं, नवरा कुणाला तरी भेटायला निघालाय.

मैदानावर सत्याग्रहींची तुकडी घोषणा देत उभी होती. जमावबंदी होती, पोलीस धरपकड करत होते. तात्या ऐटीत पहिल्या रांगेत शिरले. कोट, टोपी, बगलेत छत्री! एका शिपायाने येऊन त्यांना अदबीने बाजूला घेतलं.

"तात्या, तुम्ही इथं नका थांबू. गर्दीत लागेल कुठं तरी."

तो निघाला शाळेचाच जुना विद्यार्थी धोंडू!

"अरे, मी सत्याग्रह करतोय! धर मला!"

"तुम्हाला कसं धरू? आई घरात घेणार नाही मला!"

तात्यांनी घोषणा दिली. धोंडू म्हणाला, "आवाज बसेल तुमचा." तात्या रस्त्यातच बसले. त्याने त्यांना उचलून फुटपाथवर नेऊन ठेवलं. गाडी भरत आली, दोनच जागा उरल्या. शेवटी त्यांनी धोंडूची कॉलर धरली.

"धोंड्या, चौथीत खडू चोरलास म्हणून मी तुला दिवसभर बाकावर उभा केला होता. आठवतंय?"

धोंडूचा चेहरा बदलला. "आठवतंय."

"तुझ्या खिशात फक्त एकच तुकडा सापडला होता. तरी उभा केला!"

"चला गाडीत!" धोंडू म्हणाला.

बराकीत पाऊल टाकलं आणि काय सांगू, जल्लोष उडाला! बुधाजींनी तात्यांना मिठीच मारली. "तात्या, तू? अरे, तुझ्यासारखा माणूस आला म्हणजे मुंबई मिळालीच समजा!"

दत्तारामच्या डोळ्यांत तर पाणी आलं. "मंडळी, हे आमचे तात्या! आयुष्यात कधी एक पै सोडली नाही यांनी, आणि आज घरदार सोडून आले!"

लोकांनी तात्यांना खांद्यावर घेतलं, घोषणा दिल्या, भाषण करायला उभं केलं. तात्या मनातून इतके शरमले की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, गहिवर आलाय. आणखी टाळ्या पडल्या.

गलका ओसरल्यावर त्यांनी दोघांना कोपऱ्यात ओढलं, टोपी काढली आणि चेक पुढे केला. "सह्या करा रे."

बुधाजी आ वासून बघतच राहिले. "सह्यांसाठी आलास? तुरुंगात?"

"बिगरीचं छप्पर पडलंय. शाळा बंद होईल, बुधाजी."

बुधाजींनी दत्तारामकडे पाहिलं, दत्तारामने बुधाजींकडे. मग गंभीर चेहरा करून बुधाजी म्हणाले, "तात्या, ही अडचण नव्हे. गैरसोय आहे!"

"आभाळ दिसतंय वर्गातून!"

"दिसू दे की. भूगोल शिकतील. नकाशा कुठे दिलास तू!"

दोघं पोट धरधरून हसले. पण हसता हसताच बुधाजींनी चेक हातात घेतला. त्यांचीही पोरं त्याच शाळेत शिकली होती. वॉर्डरच्या हातापाया पडून पेन मिळवलं आणि जेवणाची थाळी पालथी घालून, एकमेकांच्या डोळ्यांदेखत, तीन सह्या झाल्या. तात्यांनी चेकवर फुंकर मारून तो पुन्हा टोपीत ठेवला.

बेत सरळ होता. कोर्टात उभं केलं की माफी मागायची आणि सुटायचं. पण कोर्टात पाहतात तो काय, अख्खी चाळ हारतुरे घेऊन हजर! सोनूबाई पुढे, जरीचं लुगडं नेसून, डोळे पुसत उभी. लग्नानंतर तिने नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिल्याचं तात्यांना आठवेना.

"माफी मागता का?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

तात्यांनी एकदा सोनूबाईकडे पाहिलं. जीभ माफीकडे वळत होती, पण ऊर भरून आला आणि तोंडातून निघालं, "मुळीच नाही! संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

एक महिना!

पोलीस ओढून नेत असताना त्यांनी टोपी सोनूबाईच्या हातात कोंबली. "सांभाळ हिला! जिवापाड सांभाळ!" शिपायांच्या देखत चेकचं नाव कसं काढणार? तिने टोपी पदरात गुंडाळली आणि मान हलवली.

आणि खरोखरच जिवापाड सांभाळली हो! पद्मजाबाई चौकशीला गेल्या तेव्हा टोपी दोरीवर वाळत होती. "तुरुंगातली टोपी ती, बाई," सोनूबाई म्हणाली, "ढेकणां भरली असतली. सोडा घालून चांगली उकळली." बाईंनी घाईघाईने अस्तर चाचपलं, तर चेकचा नुसता लगदा उरला होता.

पद्मजाबाई तिथेच रडू लागल्या, आणि त्यांचं रडणं ऐकून चाळ गोळा झाली. तात्या कशासाठी आत गेले हे तेव्हा लोकांना कळलं. लोक चिडतील असं बाईंना वाटलं. पण एक म्हातारा सुतार पुढे येऊन म्हणाला, "शाळेसाठी म्हातारा आत बसलाय आणि आपण काय पत्ते कुटत बसायचं?" गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी सुतार आले, गवंडी आले. भायखळ्याहून कुणी वासे आणले, घराघरांतून कौलं निघाली. नाताळच्या आत छप्पर असं उभं राहिलं की साहेबांनी पुन्हा टोपी काढली, ती कौतुकाने!

तात्या सुटून थेट शाळेत आले. छप्पर बघून ढसाढसा रडले. मग डोळे पुसून हळूच विचारलं, "आणि निधी?"

"तसाच आहे. एक पै गेली नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. तात्यांचा चेहरा उजळला. "पण तात्या, साहेबांचा शेरा आलाय. संस्थेकडे एवढी शिल्लक असताना सरकारी अनुदानाची गरज दिसत नाही म्हणे. मार्चअखेर हे पैसे खर्च झाले नाहीत तर पुढच्या वर्षीचं अनुदान बंद. मग शिक्षकांचे पगार कुठून द्यायचे?"

तात्या मटकन खाली बसले. जपलं म्हणून शिक्षा! असलं काही त्यांच्या हिशेबखात्यात कुणी शिकवलं नव्हतं. पण शाळेसाठी तुरुंग पाहिलेला माणूस तो. बुधाजी आणि दत्तारामही सुटून आले होते. सभा झाली, ठराव झाला. सगळेच्या सगळे दोन हजार खर्चून शाळेला नवी बाकं घ्यायची! तात्यांनी काळजावर दगड ठेवून सही केली, बँकेतून रोख रक्कम काढली आणि मार्चच्या शेवटच्या दिवशी फणसवाडीतल्या सुताराकडे गेले.

दिवेलागणीला बाकांनी भरलेली हातगाडी शाळेच्या दारात आली. पुढे तात्या, लढाई जिंकून आल्यासारखे!

"बाई, दोन हजार म्हणत होता लुच्चा! सकाळपासून हुज्जत घातली, दोनदा दुकानाची पायरी उतरलो, शेवटी बरोबर निम्म्यात आणली! आणि उरलेले हजार बँक मिटायच्या आत निधीत पुन्हा भरूनसुद्धा आलो!"

पद्मजाबाईंनी कपाळाला हात लावला आणि जवळच्या बाकावर धपकन बसल्या. बाकं मात्र मजबूत होती, जराही कुरकुरली नाहीत.