अतीचिं आणि पतीगुं

एका जंगलात, मुलांनो, नदी एकच होती. चलने मात्र दोन होती. अलीकडे चिंचोके चालत, पलीकडे गुंजा. कोणी दुसऱ्या तीरावर गेला, तर दुकानदार त्याच्या हातात असेल ते घेत. कोणाचे काही अडत नसे.

पुढे कोल्होबांनी नदीवरच्या साकवावर चलन बदलून देण्याची गादी घातली. अलीकडच्या तीराचा चिंचोका तो 'अतीचिं' आणि पलीकडच्या तीराची गुंज ती 'पतीगुं', असे त्यांनी ठरवले. प्राण्यांना ही नावे इतकी आवडली, की चिंचोक्याला चिंचोका म्हणणारा अडाणी ठरू लागला.

अशात साळूबाई साळिंदरच्या पिल्लाला खोकला झाला. मध पलीकडे, अस्वलदादांच्या दुकानात. ती चिंचोके घेऊन साकवावर आली.

"खरेदीदराने की विक्रीदराने?" कोल्होबांनी विचारले.

"मला मध हवा आहे."

"मध नंतर, साळूबाई. आधी विनिमय."

गुंजा घेऊन ती पलीकडे गेली, तर दुकान बंद. अस्वलदादा मधाची पोळी काढायला गेले होते. परतताना तिने गुंजांचे पुन्हा चिंचोके करून घेतले.

"सकाळी जास्त होते की, कोल्होबा."

"सकाळी मी गुंजा विकत होतो, आता विकत घेतो आहे. दोन दरांमधल्या अंतरावरच तर ही गादी अंथरली आहे."

साळूबाईने मान डोलावली. समजले नव्हते, पण विचारले असते, तर ते सर्वांना समजले असते.

दुकान उघडेपर्यंत तिच्या अशाच फेऱ्या झाल्या. अखेर एकच चिंचोका उरला. कोल्होबांनी तो पंजाने परत सरकवला. "एकट्या अतीचिंचा विनिमय होत नाही."

घरी पिल्लू खोकून बेजार झाले होते. साळूबाई तोच चिंचोका घेऊन रडतरडत अस्वलदादांकडे गेली.

"अगं, चिंचोका आणलास होय?" अस्वलदादा म्हणाले. "पोरांच्या सारीपाटात एकच कमी पडत होता. कोल्ह्याचा दर ऐकून मी साकवावरून परत आलो." त्यांनी द्रोण भरून मध दिला.

खोकला थांबला. साळूबाईने आनंदाने ही हकिकत पाणवठ्यावर सांगितली.

वानरीणबाईंनी नाक मुरडले. "थेट चिंचोका दिलास? खेडवळासारखा?"

साळूबाई लाजेने काट्यांत लपली. पुढे तिचे धाकटे पिल्लूही खोकू लागले, तेव्हा कोल्होबांच्या रांगेत ती सर्वांत पुढे उभी होती.

तात्पर्य: खोकल्यावर मध हे औषध आहे, लोकांनी अडाणी म्हणण्यावर औषध नाही. म्हणून सुज्ञांनी प्रथम विनिमय करावा, मग मध मागावा, आणि तोवर पिल्लास खोकू द्यावे.