वेदिकाचा एक धड फोटो

फोटो काढण्यात आपला हात धरणारा अख्ख्या रत्नागिरीत कोणी नाही, असं मांडवीच्या सर्वेशचं ठाम मत होतं. त्याच्या बायकोचं नव्हतं. लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत वेदिकाचे डोळे मिटलेले! कारण "हलू नको, हनुवटी वर, श्वास धर" असं सर्वेश इतका वेळ सांगत बसायचा, की बिचारीच्या डोळ्यांना पाणी यायचं.

"हॉलमध्ये लावायला माझा एक धड फोटो काढ," शेवटी ती म्हणाली. "नाहीतर निलेशने मोबाइलवर काढलेला लावते!"

निलेश म्हणजे तिचा भाऊ. मेव्हण्याने काढलेला फोटो आपल्या हॉलमध्ये? सर्वेशला हे भलतंच लागलं.

वेदिकाचं माहेर खेडकडच्या एका गडाच्या पायथ्याशी. आदल्या रात्री तिथे मुक्काम टाकून सर्वेशने बेत सांगितला. पडका बुरुज, सकाळचं कोवळं ऊन आणि मधे एकटी वेदिका. आसपास चिटपाखरूही नको!

"उद्या नको रे. उद्या गडावर गावाचा नारळ आहे."

"एका नारळाला माणसं लागतात किती?"

अख्खा गाव लागतो! सर्वेशने वेदिकाला बुरुजापाशी उभं केलं, तोच मागून ढोल वाजला. गडावरच्या देवीला वर्षाचा नारळ द्यायला झाडून सगळे वर आले होते. वेदिकाचे चुलते धाकूकाका नेमके बुरुजाच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"काका, जरा बाजूला होता का?"

ढोल थांबला.

"बाजूला? जावईबापू, ह्या पायरीचा मान आमच्या घराचा. माझ्या आज्याला पण कोणी बाजूला केला नाय!"

सर्वेश घाबरला. "मग तुम्हीपण या ना फोटोत!" तो म्हणाला आणि फसला. धाकूकाका फोटोत, मग शेजारचे खंडूतात्या का नाहीत? आणि खंडूतात्या धाकूकाकांच्या मागे का म्हणून उभे राहतील? देवीचा नारळ राहिला पिशवीत आणि मानावरून दोघांची जुंपली. इकडे कोवळं ऊन निबर व्हायला लागलं. सर्वेशला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

शेवटी वेदिकाची जनीआत्या कडाडली, "गप बसा दोघंपण! पयला मान माहेरवाशणीचा!" आणि तिने वेदिकाला ओढून सगळ्यांच्या मधोमध उभं केलं.

आता अख्खा गाव फ्रेममध्ये मावणार कसा? सर्वेश मागे सरकला. अजून मागे. "हलू नका, हनुवटी वर, श्वास ध..."

आणि तो करवंदीच्या जाळीत उताणा! पाय आभाळात, बोट बटणावर!

गावाने त्याला ओढून बाहेर काढलं. काटे उपटत त्याने फोटो पाहिला. जरासा तिरका होता, पण मधोमध वेदिका खदखदून हसत होती, डोळे चांगले टपोरे उघडे! आपली बायको एवढी देखणी आहे हे इतकी वर्षं आपल्यालाच कसं दिसलं नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

फोटो आता हॉलमध्ये आहे. गावातल्या घराघरांतही आहे. परवा निलेशचं लग्न ठरलं, तसा धाकूकाकांचा फोन आला.

"जावईबापू, कॅमेरा घेऊन या हां! मांडवामागची करवंदीची जाळी तोडायला निघाले होते. मी म्हटलं, खबरदार, ती फोटोसाठी ठेवा!"