दुकानाची साक्ष

सुरंगेबंदरच्या ताडीमाडीच्या दुकानाला बुधवारी सकाळी कचेरीचं समन्स आलं, आणि सरकारी हुकूम मोडू नये म्हणून दुकान चारही लाकडी मेढींवर उठून चालू लागलं.

द्वारकी मागच्या दारी मडकी धूत होती. दुकान उठलं याचं तिला काही वाटलं नाही; साहेबाच्या राज्यात समन्स चुकवून कोण सुटलंय? ती घाबरली ती पाळण्यामुळं. पाळणा दुकानाच्या आढ्याला टांगलेला आणि त्यात सात महिन्यांची यसू झोपलेली. मडकं तिथंच टाकून ती धावत सुटली. तिचा नवरा भिकाजी माडावर होता. त्यानं वरूनच विचारलं, "खंय चललंस?"

"कचेरीत. चुलीरचो भात उतरून ठेव."

दुकानाच्या फीचा तंटा नऊ वर्षांचा होता. अबकारी खातं म्हणे, परवाना आम्ही दिला, फी आमची. नगरपालिका म्हणे, पिणारे पडतात ती गटारं आमची, तेव्हा फी आमची. शेवटी कचेरीतल्या साहेबानं ठरवलं, दुकानालाच विचारावं.

दुकान कचेरीच्या दारातून आत मावेना, म्हणून साहेबाची खुर्ची पटांगणात आणली. शिरस्तेदार कामतांनी दुकानाच्या उंबऱ्यावर हात ठेवून त्याच्या वतीनं शपथ घेतली आणि तीनदा विचारलं, तू कोणाचं? दुकान गप्प. साहेबानं हुकूम काढला: साक्ष देईपर्यंत दुकान आतल्या जिनसांसकट जप्त. कामत आत जाऊन यादी करू लागले. मडकी बावीस. पेले चाळीस. पाळणा एक. मूल एक, झोपलेलं.

"शिरस्तेदारांनू, तां चेडू माझां," द्वारकी म्हणाली.

"कागद आहे?"

"कागद कसलो? हेची नाळ पुरलीय ती जागा दाखवतंय."

"कुठं पुरली?"

"दुकानाच्या मेढीखाली."

कामतांनी तेवढं लिहून घेतलं. लगेच खात्याचा आणि नगरपालिकेचा असे दोन्ही वकील उठले. मूल दुकानात जन्मलं, नाळही तिथंच, म्हणजे ते दुकानाचं उत्पन्न. आणि ज्याचं उत्पन्न त्याचं मूल. यावर दोघांचं एकमत झालं, आणि मग मूल कोणाचं यावर जुंपली. शिपाई जप्तीच्या मोहोरेसाठी लाख वितळवू लागला.

बोललं की वाईट होतं, हे द्वारकीला कळून चुकलं होतं. पण न बोलून पोरीला मोहोर लागणार होती. तिनं पदर खोचला, दुकानाकडं तोंड करून हात जोडले आणि देवापुढं घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

आता गाऱ्हाणं सुरू झालं की ऐकणाऱ्यानं प्रत्येक बोलाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे त्या मुलखात मूल बोबडं बोलायच्या आधी शिकतं.

"बा गावराखणदारा म्हाराजा, चेडू जल्म देणाऱ्या आवशीचां."

"व्हय म्हाराजा," शिपाई म्हणाला. लाख त्याच्या पायावर सांडली.

"दुकान, जो माडार चढता तेचां."

"व्हय म्हाराजा," दोन्ही वकील एका सुरात म्हणाले.

"फी मागणारो एकय कधी माडार चढूक नाय."

"व्हय म्हाराजा," कामत म्हणाले, आणि या वेळी त्यांच्यामागून छपराच्या झावळ्यांतून दुकानही म्हणालं, घोगऱ्या आवाजात.

कारकुनानं सगळं शब्दन् शब्द टिपलं होतं. साहेबानं विचारलं, हे काय म्हणतात? कामतांनी टोपी काढली. म्हणाले, दोन्ही पक्ष कबूल झाले, साक्षीदारही. कशाला कबूल झाले? सगळ्याला, साहेब. साहेबानं सही केली आणि जप्ती उठली.

परतीच्या वाटेवर द्वारकी आत पाळण्यापाशी बसली. दर दहा पावलांवर ती यसूच्या नाकाखाली बोट धरी. दुकान बेतानं चालत होतं, पाळण्याला झोका बसेल इतकंच.

पुढच्या बुधवारी दुसरं समन्स आलं: फेरतपासणीसाठी हजर व्हावं. शिपाई लंगडत आला आणि वाट पाहत उभा राहिला. दुकान उठलं नाही.

"तेची साक्ष झाली," द्वारकी यसूला कडेवर घेत म्हणाली. "साहेबाक सांग, आता कचेरीक धाड हयसर."

शिपाई निरोप घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी भिकाजीनं माडावरून हाक दिली, कचेरी ओहोळापर्यंत पोचलीय, खांब भिजू नयेत म्हणून जपून उतरतेय.

द्वारकीनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती पेले पुसत होती.

"येव दे," ती म्हणाली. "गिऱ्हायकांच्या मागे उभी रवांदे."