बहात्तर खोट्या आणि एक खरी

"माझ्या फाइलीत केसाएवढी फट सापडली, तर मी धंदा सोडीन!" असं मिलिमीटरनं बायकोला फोनवर ठणकावून सांगितलं आणि त्रेचाळीस पानांचा व्हिसाचा अर्ज पाठवून दिला.

मिलिमीटर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. डेंटिस्टनं घेतलेला जबड्याचा साचा लॅबमध्ये यायचा आणि आठवड्याभरात त्यावर बेतलेली कवळी डबीत बसून परत जायची. दोन दातांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला, तर या गृहस्थाला घास गोड लागत नसे. घरी भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं, तर भरल्या ताटावरून उठायचा! अशा माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

बायको नर्स होती. आठ महिन्यांपूर्वी ती परदेशातल्या हॉस्पिटलात रुजू झाली, पण तिच्या व्हिसावर घरच्या कुणाला नेता येत नव्हतं. मग तिनंच तिकडच्या एका लॅबमध्ये खटपट करून नवऱ्याच्या नोकरीचं जुळवलं. त्याला कुशल कारागीर म्हणून व्हिसा मिळाला, की सहा वर्षांच्या लेकीलाही सोबत नेता येणार होतं. लेकीचा पहिला दात पडला, तेव्हा तिनं तो फोनच्या कॅमेऱ्याला इतका चिकटवून धरला की पलीकडे आईला नुसतं पांढरं दिसलं. तरी ती "किती छान गं!" म्हणाली आणि पुन्हा पुन्हा तो दाखवायला सांगत राहिली. त्या दिवसापासून मिलिमीटर अर्जाच्या मागे हात धुऊन लागला होता.

नवव्या दिवशी व्हिसा कार्यालयाचं उत्तर आलं. अर्जात एक कागद कमी होता! सहा वर्षांची महिन्यागणिक बहात्तर हजेरीपत्रकं मिळाली, पण हा माणूस नेमकं काय काम करतो याचं मालकाच्या सहीचं पत्र नाही, ते वीस दिवसांत द्यावं.

"एवढंच ना!" मिलिमीटर बायकोला म्हणाला. "मालक काचेपलीकडेच बसतात. उद्या संध्याकाळी पत्र तिकडे!"

मालक खरोखरच काचेपलीकडे बसत. सत्तरीला टेकलेले, कडक इस्त्रीचे. त्यांच्या हातच्या कवळीची डेंटिस्ट मंडळी आजही वाखाणणी करत. फरक इतकाच, की गेली सहा वर्षं तो हात मिलिमीटरचा होता. एक दिवस मालक म्हणाले, "आता तू बघ सगळं," आणि केबिनमध्ये जाऊन बसले ते बसलेच. माणूस मोठा झाला की असाच साहेब होतो, अशी मिलिमीटरनं मनाची समजूत घातली होती.

"मालक, एक पत्र हवं होतं."

"देऊ की. उद्या."

उद्या पेन सापडेना. परवा चष्मा घरी राहिला. तेरवा मालकांना एकाएकी कपाट आवरायची हुक्की आली. पुढच्या आठवड्यात त्यांनी पत्राचा मजकूर चार वेळा बदलून घेतला. मिलिमीटर पुन्हा पुन्हा टाइप करत होता, मनातल्या मनात करवादत होता. 'मी गेलो तर यांची खुर्ची डळमळेल, म्हणून चाललंय हे सगळं! माझी पोर तिकडे आईवाचून... नाही, इकडे आईवाचून... आणि यांना कपाट सुचतंय!' रागात त्याला दिशाही नीट सुचेनात.

एकोणिसाव्या दिवशी तो दारातच उभा राहिला. "मालक, आज सही झाल्याशिवाय मी हलणार नाही."

मालकांनी पत्र घेतलं, केबिनचं दार आतून लावलं आणि दहा मिनिटांनी बंद पाकीट बाहेर दिलं. मिलिमीटरनं आनंदाच्या भरात कागद अर्धाच बाहेर काढला, वरचा मजकूर पाहिला आणि सरकवला स्कॅनरमध्ये. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक गोष्ट मोजून पाहिली नाही, आणि तिथेच माशी शिंकली!

पाच दिवसांनी दुसरं उत्तर आलं. पत्रावरची सही हजेरीपत्रकांवरच्या सहीशी जुळत नाही. दोहोंपैकी एक बनावट दिसते. दहा दिवसांत खुलासा न आल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.

बायकोचा फोन आलाच.

"अहो, असं कसं झालं? पत्रावर कुणाची सही घेतलीत तुम्ही?"

"मालकांचीच! ती खरी आहे गं."

"मग हजेरीपत्रकांवरच्या?"

"त्या... त्या माझ्या आहेत."

"बहात्तरच्या बहात्तर?"

"मालकच म्हणाले होते, सही तूच ठोकत जा, मला वेळ नाही."

"म्हणजे तुम्ही रोज कामावर येता, हे सहा वर्षं तुम्हीच लिहून देताय? आणि खाली सहीही तुम्हीच करताय?"

"पण एक दिवस खाडा नाही माझा!"

"अहो, ते त्यांना कोण सांगणार? तुम्हीच ना!"

त्यात मिलिमीटरचा स्वभाव आडवा आला होता. त्यानं मालकांची सही नुसती उचलली नव्हती, तर सुधारली होती! मूळ सहीत शेवटचा फराटा जरा बसका होता, तो त्यानं कमानदार करून घेतला. बहात्तर सह्या एकीवर एक ठेवल्या, तर खाली एकच दिसली असती. इतकी देखणी बनावट सही समोर असताना खऱ्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?

दुसऱ्या दिवशी तो कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन केबिनमध्ये शिरला.

"मालक, तुम्हाला तुमची सही शिकावी लागेल."

"काय?"

"अवघड नाही. हा फराटा असा वर घ्यायचा, मग हळूच वळवायचा. मी शिकवतो."

मालकांनी पेन उचललं. पहिलं अक्षर नीट उमटलं. दुसऱ्यावर पेन घसरलं. तिसऱ्याला मालकांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, तरी कागदावर एक वेडीवाकडी रेघ तेवढी उमटली. त्यांनी दुसरा कागद ओढला. पुन्हा तेच. तिसरा. चौथा.

मिलिमीटरला एकेक गोष्ट आठवायला लागली. मालक चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. डबीचं झाकण स्वतः कधी उघडत नसत. कुणी डेंटिस्ट आला की हात पाठीमागे बांधून उभे राहत, आणि तो त्यांचा रुबाब वाटे. अर्ध्या मिलिमीटरची चूक हेरणाऱ्या माणसाला सहा वर्षांत समोरच्या माणसाचा हात दिसला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली.

"मालक, राहू द्या."

"राहू कसं देऊ? तुझी पोर..." मालकांनी पेन खाली ठेवलं. खणातून एक घडी केलेला कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. डॉक्टरांचा दाखला होता. तारीख सहा वर्षांपूर्वीची. "बस आणि टाइप कर. खुलासा मी सांगतो. 'गेल्या सहा वर्षांत या लॅबमधून बाहेर पडलेला एकही दात मी बनवलेला नाही.'"

मिलिमीटरची बोटं थांबली. "हे नको लिहायला. डेंटिस्टांच्या कानावर गेलं तर?"

"खुलासा तुझा आहे की माझा? लिही! 'माझा हात कापतो. हे मी कुणाला कळू दिलं नाही. सर्व काम याच माणसानं केलं, माझ्या नावावर केलं आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. सह्याही माझ्या सांगण्यावरून त्यानंच केल्या.'" मालकांनी अजून लिहायची खूण केली. "'त्याही माझ्यापेक्षा चांगल्या केल्या.'"

"हे शेवटचं वाक्य पण घेऊ?"

"घे. खरं तेच आहे."

आता या खुलाशावर सही कोणती करायची? मिलिमीटरची चालणार नव्हती आणि मालकांची जुळणार नव्हती! दोघं नोटरीकडे गेले. नोटरीनं कागद वाचला, चष्म्यावरून मालकांकडे पाहिलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. "अंगठा चालेल. पण काका, तुम्ही तर शिकलेले दिसता."

"आज शिकलो," मालक म्हणाले.

तो अंगठासुद्धा थरथरत होता. मिलिमीटरनं त्यांचं मनगट हातात धरलं आणि दोघांनी मिळून ठसा उमटवला. तेवढ्यात नोटरीला खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीतरी सापडलं.

परतल्यावर मालकांनी फोन उचलला आणि एकेका डेंटिस्टला स्वतःच सगळं सांगून टाकलं. दोघांनी काम काढून घेतलं. बाकीच्यांनी एवढंच विचारलं, "मग नवा माणूस कधी येतोय?"

खुलासा पाठवल्यापासून सोळाव्या दिवशी व्हिसा मंजूर झाला. लेक घरभर नाचली. बायको फोनवर हसता हसता रडली आणि रडता रडता म्हणाली, "आता तिकडून निघेपर्यंत कुणाचीही सही करू नका!"

शेवटच्या दिवशी शेवटची कवळी डबीत बसली. सोबत जायच्या पावतीवर मालकांची सही हवी होती. मिलिमीटरचा हात सवयीनं पेनाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.

"कर," मालक म्हणाले. "आजच्यापुरती कर."

त्यानं पेन टेकवलं. डोळ्यांपुढचं जरा पुसट झालं होतं, आणि हात, तो जन्माचा पक्का हात, कापायला लागला. अक्षरं एकमेकांवर आदळली. फराटा कमानीला पोचलाच नाही, वाटेतच बसला. मिलिमीटर ओशाळला आणि घाईघाईनं दुसरी पावती शोधू लागला.

मालकांनी त्याला थांबवलं. चष्मा लावून सही नीट निरखली.

"राहू दे. सहा वर्षांत आज पहिल्यांदा तुला माझी सही जमली."